उजव्या बाहीचं माप

माझी बायको प्रेमा गेल्या नोव्हेंबरात गेली. छातीचा कॅन्सर होता. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, आणि ते खरं आहे. पण त्याआधी जानेवारी ते एप्रिल आमच्या घरात काय झालं ते मी कोणाला सांगत नाही. ते इथे लिहितो.

माझं नाव शिवदास. घाटकोपर पूर्वेला, पंतनगरच्या मागच्या बाजूला, माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले ब्लाऊज. आमचं गाव जालन्याकडे. सतराव्या वर्षी मुंबईत आलो आणि सहदेव मास्तरांच्या हाताखाली शिकलो. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगितली. बाईचं माप बाईला मोठ्याने ऐकवायचं नाही. ती वाढली आहे हे तिला ठाऊक असतं. आपण गप्प राहायचं आणि कापड सोडायचं.

हे मी तीस वर्षं पाळलं. एखादी विचारायची, "मास्तर, वाढले का हो मी?" मी म्हणायचो, "तेवढंच आहे, ताई." आणि शिवणीतून अर्धा इंच सोडायचो. ब्लाऊज अंगात बसायचा, बाई खूश व्हायची, पुढच्या वेळी परत माझ्याकडेच यायची. यात मी कोणाला फसवतो असं मला कधी वाटलं नाही.

प्रेमाचं काम बरोबर उलटं होतं. ती अंगणवाडी सेविका होती. महिन्यातून एकदा पोरांची वजनं घ्यायची आणि तक्त्यावर ठिपका मांडायचा. आया म्हणायच्या, "बाई, दिसतोय तर चांगला की." ती म्हणायची, "दिसण्यावर जाऊ नका. काटा काय म्हणतो ते बघा." एकीने वजनाच्या दिवशी पोराला दोन केळी चारून आणलं होतं. प्रेमाने त्याला दीड तास खेळायला बसवलं, त्याची शी-शू होऊ दिली आणि मग काट्यावर घातलं. त्या बाईने महिनाभर तिच्याशी अबोला धरला. प्रेमा म्हणाली, "धरू दे. पोराचं वजन तर खरं लिहिलं गेलं."

गाठ तिलाच लागली, अंघोळ करताना, उजवीकडे. वय एक्कावन्न. तिने आठ दिवसही वाया घालवले नाहीत. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. घाटकोपरहून सायनपर्यंत रिक्षा, रिक्षा पुढे जात नाही म्हणून तिथून टॅक्सी. किमो आठ वेळा झाली, दर तीन आठवड्यांनी. दुसऱ्या किमोनंतर केस गेले. मी ब्लाऊजच्या उरलेल्या कापडांतून तिला डोक्याला बांधायचे रुमाल शिवून दिले. अंगणवाडीतली मदतनीस राधा ते बघून म्हणाली, "बाई, आजवर ब्लाऊज मॅचिंग होता, आता डोकं पण मॅचिंग." प्रेमा इतकी हसली की तिला उलटी झाली.

मग ऑपरेशन झालं. उजवी बाजू पूर्ण काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. त्यानंतर वीस दिवस रेडिएशन. तिथे सगळे त्याला शेक म्हणतात. कातडी भाजून काळी पडली. सैल मलमलचे, पुढून बांधायचे ब्लाऊज मी तेव्हा तिला शिवले. पुढे जखम भरल्यावर ब्लाऊजला आतून कप्पा केला आणि त्यात कापसाची पिशवी घातली. ती हलकी पडली, ब्लाऊज त्या बाजूने वर सरकायचा. मग कापसात मोहरी भरली. प्रेमाने ती पिशवी किराणावाल्याकडून तोलून आणली. मी म्हटलं, "अगं, काय सांगितलंस त्याला?" ती म्हणाली, "सांगितलं की माझं सामान आहे, बरोबर तोल."

अशी ती होती. मला वाटलं, आपण यातून सुटलो.

शेक संपल्यावर हाताचे व्यायाम शिकवायला नीलम मॅडम होत्या. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर वर वर चढत जायचं. जिथपर्यंत बोटं पोचतील तिथे पेन्सिलीची खूण करायची. मॅडमनी आणखी एक काम दिलं. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येऊ शकते. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही हातांचा घेर मोजायचा. कोपराच्या वर दहा सेंटिमीटरवर खूण करून. आकडे कागदावर लिहायचे आणि कागदाचा फोटो मॅडमच्या फोनवर पाठवायचा.

"मिस्टर टेलर आहेत ना तुमचे?" मॅडम म्हणाल्या. "मग काय, तुमच्याकडे घरीच तज्ज्ञ."

"इंचात तज्ज्ञ," प्रेमा म्हणाली. "सेंटिमीटर म्हणजे ह्यांच्या टेपची उलटी बाजू."

मॅडम हसल्या आणि मग गंभीर झाल्या. "दोन हातांत दोन सेंटिमीटरचा फरक दिसला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. लगेच यायचं."

"कशासाठी?"

"सूज नव्याने आली तर तिचं कारण शोधावं लागतं. बहुतेक वेळा नुसती सूज असते. कधी कधी आत दुसरं काही असतं."

हे आम्ही दोघांनी ऐकलं. मी ऐकलं नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

आमची पद्धत अशी ठरली. ती खुर्चीत बसायची. मी टेप लावायचो आणि आकडा सांगायचो. ती चष्मा लावून, मांडीवर पुठ्ठा ठेवून लिहायची. डावा अठ्ठावीस, उजवा साडेअठ्ठावीस. पाच महिने हेच आकडे होते. नोव्हेंबरात हॉस्पिटलात तपासणी झाली, सगळं ठीक निघालं, पुढची तारीख मेची मिळाली. डिसेंबरात ती अंगणवाडीत परत गेली. डोक्यावर बोटभर केस आले होते, कुरळे. पोरं म्हणाली, "बाई, तुम्ही कटिंग केली?"

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी टेप लावला. डावा अठ्ठावीस. उजवा साडेतीस.

मी टेप सोडून परत लावला. साडेतीस.

"किती?" प्रेमाने विचारलं. पेन तयार होतं.

"एकोणतीस," मी म्हणालो.

मी ठरवून खोटं बोललो नाही. तोंडातून तसं आलं, जसं दुकानात येतं. तिने लिहिलं, फोटो काढला, पाठवला. मॅडमचा अंगठा आला. तेव्हाच म्हणायला हवं होतं की थांब, परत मोजतो. मी भाजी आणायला गेलो. रस्त्यात टेप उलटा करून बघितला. अडीच सेंटिमीटर म्हणजे पुरा एक इंचसुद्धा नाही. एका इंचाचं काय घेऊन बसलाय, मी मनात म्हटलं. दिवाळीत बायका दीड-दीड इंच वाढतात. काल ती पोरांच्या खिचडीचं भांडं उचलून आली असेल, त्याने फुगला असेल. पुढच्या महिन्यात उतरेल.

पुढच्या महिन्यात एकतीस होता. मी एकोणतीस सांगितलं.

आता खरं सांगायचं तर मागचंही खोटं सांगितलं हे कबूल करावं लागलं असतं. ते मला जमेना. आणि मी आणखी एक केलं. ती अंगणवाडीत गेली की मी तिचे ब्लाऊज काढायचो आणि उजवी बाही उसवून आतलं मार्जिन सोडायचो. एकेका ब्लाऊजला पाव इंच, मग अर्धा इंच. परत इस्त्री करून घडी होती तशी ठेवायचो. जुन्या टाक्यांच्या भोकांवर ओल्या फडक्याने घासलं की ती बुजतात. ते काम मी इतक्या सफाईने केलं की दुसऱ्या टेलरलाही कळलं नसतं.

तिला हात जड लागत होता. एकदा भाकरी थापताना थांबली. "आज बोटांना मुंग्या येतायत," ती म्हणाली.

"थंडी आहे."

"मुंबईत कसली आलीय थंडी?" मग तिने हात वर करून बघितला. मी तिच्याकडे न बघता मशीनमध्ये दोरा ओवत राहिलो. "बाही तर घट्ट नाही," ती म्हणाली. "आणि मोजलंय आपण रविवारी."

"हो."

"मग ठीक आहे. उगाच मनाचे खेळ." आणि ती परत भाकरी थापायला लागली.

तिने आयुष्यभर आयांना सांगितलं होतं की आपल्याला काय वाटतं त्यावर जाऊ नका, मोजलेलं खरं. तेच ती स्वतःला सांगत होती. स्वतःच्या हातावर तिचा विश्वास नव्हता, माझ्या टेपवर होता.

मार्चमध्ये बत्तीस. मी एकोणतीस सांगितलं. त्या दिवशी टेप धरताना माझ्या बोटांना तिची कातडी वेगळी लागली. कणकेसारखी. बोट दाबलं की खळगा राहत होता आणि हळूहळू भरत होता. मी अंगठा फिरवून तो खळगा पुसला.

मार्च-एप्रिल हा माझा सगळ्यात गर्दीचा काळ. चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत सगळ्या बायका पांढरी साडी नेसतात. पांढऱ्या ब्लाऊजचा ढीग पडतो. साधा पांढरा, लेसवाला पांढरा, मागून बटणवाला पांढरा. सगळे पांढरेच, म्हणून प्रत्येकाला आतून नावाची चिठ्ठी टाचावी लागते. राधा रोज येऊन उभी राहायची. "मास्तर, झाला का माझा? का ह्या वर्षी पण मला शेजारणीचा घालून मिरवणुकीत पाठवताय?"

"एकदाच झालं होतं ते."

"एकदाच, पण त्यात मला श्वास घेता येईना. जयभीम म्हणायला तोंड उघडलं तर दोन हूक उडाले."

प्रेमा आतून हसली. माझ्या दुकानात ते हसू होतं, आणि मी राधाच्या ब्लाऊजखाली प्रेमाची उजवी बाही लपवून कापत होतो. तिच्या जुन्या ब्लाऊजांत आता सोडायला मार्जिन उरलं नव्हतं. नव्या पांढऱ्या ब्लाऊजला मी दोन वेगळ्या बाह्या कापल्या. डावी नेहमीची. उजवी दोन इंच मोठी. एप्रिलच्या पहिल्या रविवारी उजवा साडेतेहतीस भरला होता. मी साडेएकोणतीस सांगितलं होतं. अर्धा वाढवून सांगितला, म्हणजे खरा वाटेल.

तेरा तारखेला शनिवार होता. सकाळी अकराच्या सुमारास शेवटचे ब्लाऊज गिऱ्हाइकांनी नेले. प्रेमाने स्वतःचा ब्लाऊज घातला, आरशात बघितला, छान झालाय म्हणाली आणि उतरवून घडी घालायला घेतला. ती ब्लाऊजची घडी बाहीवर बाही ठेवून घालायची.

या वेळी उजवी बाही डावीच्या बाहेर राहिली. मग ती म्हणाली, "अहो, ही बाही मोठी कापलीत तुम्ही."

"घाईत झालं असेल."

"तुमचं?"

तिने टेबलावरचा टेप घेतला. खुर्चीत बसली. एक टोक दातांत धरून, डाव्या हाताने तिने टेप उजव्या दंडाभोवती घेतला. चष्मा कपाळावर होता, तो खाली ओढला. मग पुठ्ठा घेतला आणि कागद बघितला.

"साडेतेहतीस," ती म्हणाली. "इथे साडेएकोणतीस आहे. सहा दिवसांपूर्वीचं."

मी मशीनच्या स्टुलावर बसलो.

"मार्चमध्ये किती होतं?"

"बत्तीस."

तिने लिहिलं. "फेब्रुवारी?"

"एकतीस."

"जानेवारी?"

"साडेतीस."

चारही आकडे तिने माझ्या आकड्यांच्या बाजूला लिहिले. अक्षर वाकडं येत होतं, बोटं पेनाभोवती नीट वळत नव्हती. आधीचे चार तिने एका रेघेने खोडले आणि बाजूला सही केली. अंगणवाडीच्या रजिस्टरात चूक झाली की तशी करायची पद्धत होती.

"सगळे आठवतायत तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"का केलंत?"

"तू घाबरली असतीस."

"घाबरले असते. मग रिक्षात बसून गेले असते. घाबरलेल्या माणसाला रिक्षावाला नेत नाही का?"

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, तांदूळ धुवायला घेतले. डाव्या हाताने धूत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार, चौदा तारीख. हॉस्पिटलचा बाह्यरुग्ण विभाग बंद. ती पांढरी साडी आणि तो ब्लाऊज घालून सकाळी विहारात वंदनेला गेली. मी मागे चालत होतो. बायका तिला मिठी मारत होत्या. "बाई, चेहरा किती भरलाय! तब्येत सुधारली हं." ती म्हणायची, "हो ना." वंदनेला सगळ्यांनी हात जोडले. तिचा उजवा हात पूर्ण वर येत नव्हता. तिने डावा खाली आणून त्याला जोडला.

सोमवारी आम्ही परळला गेलो. डॉक्टरांसमोर तिने कागद ठेवला. "ह्यातले खोडलेले चार आकडे खोटे आहेत. हे मोजत होते, मी लिहीत होते. खरे बाजूला लिहिलेत."

डॉक्टरांनी कागद बघितला. माझ्याकडे बघितलं नाही. नीलम मॅडम मागे उभ्या होत्या, त्यांनी बघितलं आणि नजर काढून घेतली. डॉक्टरांनी तिला कॉटवर बसवलं आणि काखेत, मग मानेवर, मग गळ्याच्या हाडाच्या वर बोटांनी चाचपायला सुरुवात केली. बोटं सरकत होती. एका जागी थांबली. पुढे सरकली आणि परत त्याच जागी आली.

"हे दुखतं?"

"नाही," प्रेमा म्हणाली.

"कधीपासून आहे माहीत आहे?"

"मला आता कळतंय."

तपासण्यांत आठवडा गेला. गळ्याच्या हाडामागे गाठी होत्या. छातीच्या फोटोत फुप्फुसावर दोन ठिपके होते. डॉक्टर पुढच्या औषधांचं सांगत होते. प्रेमाने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मी जानेवारीत आले असते तर?"

खोलीत पंखा चालू होता. मला बाहेर जावंसं वाटलं. मी गेलो नाही.

डॉक्टर म्हणाले, "गाठींचं मी सांगू शकत नाही. जानेवारीत किती होत्या, होत्या की नव्हत्या, आज कोणीच सांगू शकणार नाही. हाताचं सांगतो. तेव्हापासून पट्ट्या बांधल्या असत्या तर हात इतका गेला नसता."

"म्हणजे लिहिता आलं असतं."

"बहुतेक."

तिने मान हलवली. तिला जे हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. मला अर्धंच मिळालं. अर्धं अजून तसंच आहे, आणि ते कोणीच भरून देणार नाही.

जूनमध्ये तिने अंगणवाडी सोडली. तक्त्यावर ठिपका मांडता येत नाही म्हणून. तसं तिने राजीनाम्यात लिहिलं. म्हणजे सांगितलं, राधाने लिहिलं.

आमची मुलगी रश्मी बोरिवलीला राहते. तिकडच्या शाळेत शिकवते. तिला फोनवर कळवलं तेव्हा फोन स्पीकरवर होता. रश्मी रडत म्हणाली, "पण आई, तू तर दर महिन्याला मोजत होतीस ना? मला फोटो पाठवायचीस. एकोणतीस, एकोणतीस."

"मापात चूक झाली," प्रेमा म्हणाली. "कशी ते पप्पांना विचार." आणि तिने फोन माझ्यापुढे सरकवला.

"पप्पा?"

मी म्हणालो, "टेप जुना होता, बेटा. वापरून वापरून ताणला जातो. ताणलेल्या टेपने माप कमी येतं."

हे खरं आहे, कापडी टेप ताणला जातो. माझा गेल्या वर्षीचाच होता. प्रेमा समोर बसून माझं तोंड बघत होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रश्मी थेट बोरिवलीहून आली आणि तिने मला नवीन टेप आणून दिला. चांगला, फायबरचा. "आता हाच वापरा पप्पा," ती म्हणाली. जुना टेप तिने माझ्यासमोर कात्रीने कापून कचऱ्यात टाकला.

त्यानंतर रोज सकाळी मी प्रेमाच्या हाताला पट्ट्या बांधायचो. बोटांपासून काखेपर्यंत, तीन थर. तासभर लागायचा. ती म्हणायची, "घट्ट. ढिलं सोडू नका." बांधून झालं की विचारायची, "रश्मीला सांगितलंत?"

"सांगतो."

"कधी?"

"ह्या रविवारी येईल तेव्हा."

रविवारी रश्मी यायची, आईचे केस विंचरायची, मासे करून ठेवायची, आणि मी काही न बोलता तिला रिक्षापर्यंत सोडून यायचो. सोमवारी सकाळी प्रेमा परत विचारायची. ऑगस्टपर्यंत विचारत होती. सप्टेंबरात तिला दम लागायला लागला, वाक्य पूर्ण व्हायचं नाही. मग ती नुसती माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, "हो, सांगितलं." त्याने ती शांत व्हायची. तेही मी खोटंच सांगत होतो, आणि आता तिला पडताळून बघता येत नव्हतं.

नोव्हेंबरात ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी वस्ती आली होती. भन्तेजी बोलले, राधा बोलली, केळ्यांची गोष्ट सांगितली, लोक हसले आणि रडले. जेवणं झाल्यावर रश्मी बायकांना सांगत होती, "काय नशीब बघा, एका जुन्या टेपमुळे. पप्पा बिचारे अजून स्वतःला खातायत." बायका माझ्याकडे दयेने बघत होत्या. एकीने येऊन माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रश्मी निघायची तयारी करत होती. मी म्हणालो, "टेप बरोबर होता."

"काय?"

"टेपमध्ये काही नव्हतं. मी आकडे खोटे सांगितले. चार महिने."

ती बॅगेची चेन धरून उभी राहिली. "किती होते खरे?"

मी सांगितले. साडेतीस, एकतीस, बत्तीस, साडेतेहतीस.

"आईला कळलं होतं?"

"तेरा एप्रिलला कळलं."

"आणि तिने मला सांगितलं नाही."

"तिला वाटत होतं मी सांगावं. मी तिला म्हणालो की सांगितलं."

रश्मी खाली बसली. ती दुकानातल्या टेबलाकडे बघत होती. मला वाटलं ती काहीतरी फेकेल. मग ती उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "मला उशीर होतोय." मी रिक्षापर्यंत जायला निघालो. ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ."

ती आली नाही त्यानंतर. पण दर रविवारी फोन करते. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, दोन मिनिटं. मी सगळ्याला हो म्हणतो.

हॉस्पिटलातच सांगितलं होतं की आईला झालं म्हणून मुलीने दर वर्षी तपासून घ्यायचं. मी तिला फोनवर तीन वेळा आठवण केली. ती तिसाव्या वर्षातली. गेल्या रविवारी ती आपणहून म्हणाली, "मी जाऊन आले. फोटो काढला छातीचा."

माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला. "काय आलं?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे काय लिहिलंय?"

"ठीक आहे म्हणून सांगितलं ना, पप्पा."

तिचा आवाज सरळ होता. थोडा जास्तच सरळ, आणि घाईचा. मागे कुठेतरी नळ चालू होता. मी म्हणालो, "रिपोर्टचा फोटो पाठवतेस का मला?"

तिने नळ बंद केला. मग म्हणाली, "तुम्हाला काय कळणार आहे त्यातलं? तुम्ही जेवलात का?"